पाच-सहा वर्षांच्या मुलांना बेडूक कसा समजावून सांगता?

अबोली_डिचोली

नमस्कार मंडळी. मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग घेते. पाऊस लागला की शाळेमागच्या शेतात बेडकांचा गजर सुरू होतो आणि मुलांचे कान तिकडेच लागतात. तर यंदा त्यांना बेडूक नीट शिकवायचा, असं मी ठरवलंय.

माझ्याकडे तक्ता आहे. अंडी, बेडूकमासा, पाय फुटलेला बेडूकमासा, शेपटीवाला छोटा बेडूक आणि मोठा बेडूक, मध्ये बाण. मुलं मात्र बाणांच्या मधलं विचारतात. शेपूट गेली कुठे? उन्हाळ्यात हे सगळे कुठे होते? पिवळा बेडूक वेगळा असतो का? तोंड मिटलेलं असताना आवाज कुठून येतो?

माझं मत असं की लहान मुलांना वाक्यं छोटी सांगावीत, पण माहिती खरी द्यावी. ‘शेपूट गळून पडते’ हे सांगायला सोपं आहे, पण ते खरं नाही, आणि पुढे पाचवीत तेच खोडून काढावं लागतं. तुम्ही घरी, शाळेत, अंगणवाडीत कसं सांगता? मुलांनी विचारलेले प्रश्नही लिहा. त्यातूनच माझा धडा तयार होईल.

पणजीकर_बाबा

छान धागा. माझ्या मुलाला मी सांगितलं की बेडूक अंगानेही श्वास घेतो. त्यावर त्याचा प्रश्न: मग बेडकाला सर्दी झाली तर सगळं अंग वाहतं का? जाणकारांच्या उत्तराची मी आणि तो दोघेही वाट बघतोय.

मृगाचा_पाऊस

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. अबोलीताई, तुमच्या मताशी पूर्ण सहमत. आधी शेपटीचं सांगतो, कारण तिथेच सगळी मौज आहे.

बेडूकमाशाला मागचे पाय आधी दिसतात. पुढचे पाय कल्ल्यांवरच्या कातडीखाली लपून वाढत असतात आणि एके दिवशी ती कातडी भेदून बाहेर येतात. काल दोन पाय होते, आज चार झाले, असं मुलांना वाटतं ते यामुळे. याच दिवसांत तोंड पूर्ण बदलत असतं. शेवाळ खरवडणारी इवलीशी चोच जाते, जबडा रुंद होतो, जीभ तयार होते. पोटात गुंडाळलेलं लांबलचक आतडं आखूड होतं, कारण आता पाला-शेवाळ सोडून किडे खायचे असतात. इतकी उलथापालथ चालू असताना त्याला खाताच येत नाही. मग तो जगतो कशावर? शेपटीवर! शेपटीतलं मांस आतल्या आत विरघळतं आणि शरीर तेच वापरतं. मी मुलांना सांगतो, शेपूट म्हणजे बेडकाने प्रवासासाठी बरोबर घेतलेला डबा. खाऊन संपला की प्रवासही संपला.

ही सगळी घडामोड थायरॉईड ग्रंथीच्या स्रावामुळे होते. १९१२ मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना थायरॉईडचे तुकडे खायला घातले, तेव्हा ते वाढ पुरती होण्याआधीच बेडूक झाले, तेही अगदी चिमुकले. हे तुमच्या माहितीसाठी, मुलांना सांगायला नको.

आता सर्दी. पणजीकर, मुलाला सांगा की बेडकाचं अंग बारा महिने थोडं शेंबडंच असतं आणि त्याला तसंच हवं असतं. त्याच्या कातडीतून चिकट द्रव पाझरतो आणि कातडी ओली राहते. कातडी पातळ, खाली रक्ताच्या बारीक नळ्या. हवेतला प्राणवायू त्या ओलाव्यात मिसळून रक्तात उतरतो. अंग सुकलं की हा रस्ता बंद. म्हणून बेडूक ओल सोडून लांब जात नाही.

पणजीकर_बाबा

‘बारा महिने शेंबडा’ हे ऐकून चिरंजीव इतके खूश झालेत की आज नाक पुसायला तयार नाहीत. तरीही धन्यवाद.

रानवाट

मी वर्षातले पावसाळी महिने मुलांना घेऊन म्हादई आणि मोले भागात हिंडतो. माझा अनुभव असा की एक बेडूक समोर शांत बसलेला असेल तर तक्त्याची गरज पडत नाही. फक्त काय बघायचं ते सांगावं लागतं.

गळा बघा. सारखा खालीवर होतो. बेडकाला बरगड्या नाहीत, आपल्यासारखा छातीचा पडदाही नाही. तो नाकाने हवा तोंडात घेतो, नाकपुड्या मिटतो आणि गळा वर उचलून ती हवा फुप्फुसात ढकलतो. मुलांना छातीवर हात ठेवून श्वास घ्यायला सांगा, मग बेडकाचा गळा दाखवा. फरक लगेच कळतो.

डोळ्यामागची गोल चकती बघा. तो कानाचा पडदा, उघड्यावरच असतो. बोटं मोजा. पुढच्या पायांना चार-चार, मागच्यांना पाच-पाच. पहिलीच्या मुलांना मोजायला फार आवडतं, आणि मग पुस्तकातल्या चित्रांतली चुकीची बोटं ती स्वतः शोधून काढतात.

आवाजाचं उत्तर: तोंड आणि नाकपुड्या मिटून तो फुप्फुसातली हवा गळ्यातल्या पिशवीत सोडतो आणि परत आत घेतो. जाता-येता हवा स्वरतंतूंवरून जाते आणि आवाज होतो. तीच हवा पुन्हा पुन्हा वापरतो, म्हणून दम न लागता रात्रभर चालू शकतं. तोंड उघडून ‘डराव’ म्हणणारा बेडूक फक्त चित्रात सापडतो. ओरडणारे नर असतात, आणि प्रत्येक जातीची हाक वेगळी, त्यामुळे मादी आपल्या जातीच्या नराकडेच जाते.

दक्षिणायन

तोंड मिटून ओरडून बघण्याचा प्रयोग आमच्या घरी आत्ताच झाला. दोन मुलं, एक आजोबा. फक्त आजोबांना जमलं.

पेडण्याची_आजी

मी लिहायला हळू आहे, सांभाळून घ्या. आमच्याकडे पावसात बेबो, म्हणजे बेडूक, घरात आला की पूर्वी बायका त्याच्यावर मीठ टाकत. मी सुनेला आणि नातवंडांना सांगून ते बंद केलं. वर मृगसरांनी लिहिलं तसं त्याची कातडी पातळ, मिठाने तो तडफडतो. सुपात किंवा डब्यात अलगद घ्यावा आणि माडाच्या आळ्यात सोडावा.

दुसरं, खरबरीत पाठीचा तो आळशी बेडूक असतो, उडी जेमतेम मारतो, दिव्याखाली बसून किडे खातो. त्याला हात लावला की चामखीळ येते असं आम्हाला लहानपणी सांगत. नातू विचारतो, खरं का गो आजी? काय सांगू?

मृगाचा_पाऊस

आजी, चामखीळ विषाणूमुळे येते, माणसाकडून माणसाला. बेडकाचा काही संबंध नाही. तुम्ही सांगता तो भेक, म्हणजे टोड. त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर ग्रंथी असतात, त्यात विषारी पांढरा चीक असतो. कुत्र्याने त्याला तोंडात धरलं तर कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो, तो यामुळे. नातवाला एवढंच सांगा: बघायचं, दाबायचं नाही, हात लागला तर साबणाने धुवायचे आणि तोवर डोळे चोळायचे नाहीत.

आणि तो आळशी नाही हो. त्याला पळून जीव वाचवायची घाई नसते, कारण त्याला सहसा कोणी खात नाही.

सत्तरीचो_भुरगो

आमच्या लहानपणी केरीला शेतातले बेडूकमासे काचेच्या बरणीत घालून खिडकीत ठेवायचो. रोज सकाळी उठून आधी बरणी बघायची. पाय फुटले की अख्खा वाडा बघायला यायचा. अबोलीताई, वर्गात बरणी ठेवा. पुस्तकाने जे होणार नाही ते बरणीने होईल.

रानवाट

याला माझा विरोध आहे. कारणं सांगतो.

पहिलं, आपल्या शेतातल्या मोठ्या बेडकाची, म्हणजे ज्याला सगळे बुलफ्रॉग म्हणतात त्याची पिल्लं मांसाहारी असतात. डासांच्या अळ्या खातात, दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात, आणि बरणीत कोंडली की एकमेकांनाही खातात. सोमवारी वीस असतील तर शुक्रवारी वर्गासमोर काय उरलं असेल ते तुम्हीच ठरवा. दुसरं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना सोसत नाही. तिसरं, बेडकांमध्ये बुरशीचा एक आजार जगभर पसरला आहे, त्यामुळे एका तळ्यातला जीव दुसरीकडे सोडणं बरोबर नाही. चौथं, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. बेडूक त्यात येतात. शाळेनेच पकडून ठेवलेले दिसले तर मुलं काय शिकतील?

सत्तरीचो_भुरगो

बाकी मुद्दे मान्य. पण आमची पिढी त्या बरणीतूनच शिकली, हेही खरं. मुलाच्या डोळ्यासमोर रोज बदल घडला पाहिजे. ‘लांबून बघा’ म्हटलं की मुलं दोन मिनिटांत कंटाळतात. बरणी काढून घेतलीत तर त्या जागी काय देणार, ते सांगा.

कुळागर

मधला मार्ग सांगतो. मी फोंड्याकडचा, आमचं कुळागर (पोफळी-माडांची बाग) आणि थोडी शेती आहे. शाळेच्या आवारात पावसाचं पाणी साठणारा एखादा खोलगट भाग असतोच. त्याच्याभोवती चार दगड ठेवा आणि ते ‘वर्गाचं डबकं’ म्हणून ठरवून टाका. रोज प्रार्थनेनंतर पाच मिनिटं रांगेने बघायचं. काठावर काठी रोवून पाणी किती चढलं-उतरलं त्याची खूण करा. अंडी दिसली की तारीख लिहा. अंडी फुटायला एक-दोन दिवस, आणि पुढे साधारण महिना-दीड महिन्यात बेडूक. मुलांच्या डोळ्यासमोर सगळं होईल आणि कोणाला कोंडावं लागणार नाही. डबकं मध्येच आटलं तर तेही मुलांना दिसू दे. म्हणून तर बेडूक इतकी अंडी घालतो.

आता शेतकरी म्हणून चार शब्द. बेडूक शेतातले किडे खातो, खेकड्याची पिल्लं खातो, मोठा बेडूक उंदराचं पिल्लूही सोडत नाही. बेडूक भरपूर तिथे पाणदिवड येते, बगळे येतात, रात्री घुबडं येतात. मी मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, तणनाशक मारणं बंद केलंय. पातळ कातडीच्या जिवाच्या अंगात ते सरळ उतरतं. मुलांना एवढं जरी कळलं तरी ती घरी जाऊन बापाला विचारतील, आणि विचारायलाच हवं.

अबोली_डिचोली

कुळागरदादा, डबक्याची कल्पना फार आवडली. आमच्या पंपाच्या बाजूला अशी जागा आहे.

काल मुलांना बेडूक कसा खातो ते सांगितलं. त्याची जीभ तोंडाच्या पुढच्या बाजूला चिकटलेली असते आणि मागून सुटी, त्यामुळे ती बाहेर फेकली जाते. किडा तोंडात आला की तो डोळे मिटतो, कारण डोळ्यांचे गोळे खाली दबून घास घशात ढकलायला मदत करतात. वर्ग दहा मिनिटं डोळे मिटून घास गिळत होता. मध्यान्ह आहाराच्या ताई बघतच राहिल्या.

पाणी कसं पितो हा पुढचा प्रश्न आला. तोंडाने पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषून घेतो, ओल्या जमिनीवर बसला तरी त्याची तहान भागते, असं मी सांगितलं. बरोबर ना मृगसर?

मृगाचा_पाऊस

अगदी बरोबर. आणि उन्हाळ्याचंही उत्तर यातच आहे. आपले कितीतरी बेडूक पाऊस संपला की मातीत, बांधाच्या भेगांत, दगडाखाली शिरतात आणि हालचाल कमीत कमी करून पडून राहतात. हृदय मंद, श्वास मंद, भूक जवळजवळ नाही. आकाशातून पडत नाहीत, पायाखालीच असतात. ‘आत्ता तू उभा आहेस तिथेही असेल’ असं सांगितलं की मुलं पाय उचलतात!

मुलांना हमखास आवडणारी आणखी एक गोष्ट: बेडूक अधूनमधून कात टाकतो आणि तीच खाऊन टाकतो. वाया काही जाऊ देत नाही.

साष्टीचा_पाव

विषय निघालाच आहे तर कोणीतरी बोलायला हवं. गोव्यात बेडूक खाल्ला जातो. ‘जंपिंग चिकन’ नावाने. अनेक घरांत आजोबा-पणजोबांच्या काळापासून पहिल्या पावसात बेडूक शिजत आलाय. वर्गात शिक्षकाने ‘बेडूक खाणारे वाईट’ म्हटलं तर त्या घरातलं मूल मान खाली घालून बसेल. सहा वर्षांच्या मुलावर हे ओझं टाकू नये. या वयात शरीरशास्त्र पुरे, कायदा मोठेपणी कळेल.

रानवाट

मूल शरमिंदं होऊ नये, हे शंभर टक्के मान्य. पण विषय टाळूही नये.

बेडूक कोणत्या रात्री मारले जातात ते बघा. पहिल्या मोठ्या पावसात, बॅटऱ्या आणि पोती घेऊन. नेमक्या त्याच रात्री ते अंडी घालायला बाहेर येतात. नर पिवळेधमक झालेले असतात, गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगवून ओरडत असतात, लपायचं भान नसतं. पोटात हजारो अंडी असलेली मादी त्या रात्री गेली तर पुढचा सगळा हंगाम तिच्याबरोबर गेला. भारतातून बेडकाच्या तंगड्यांची निर्यात होत असे, ती १९८७ मध्ये बंद झाली. इथे शिकार आणि विक्री आजही गुन्हा आहे, दर जूनमध्ये वनखातं गस्त घालतं आणि आवाहन करतं.

मुलांना ‘वाईट’ हा शब्द वापरायची गरजच नाही. ‘या दिवसांत बेडूक अंडी घालायला निघतात, त्यांना वाट द्यायची’ इतकंच सांगावं. हे पाच वर्षांच्या मुलालाही कळतं, आणि ते घरी जाऊन सांगतंही.

साष्टीचा_पाव

असं सांगितलं तर माझी हरकत नाही. आमच्या घरी आता कोणी खात नाही, पण आजीबद्दल वावगं ऐकायला मला आवडणार नाही. अंड्यांचं कारण मात्र मला खरोखर पटलं. ते मी घरी बोलेन.

पेडण्याची_आजी

वाट देण्यावरून आठवलं. पहिल्या पावसात संध्याकाळनंतर रस्त्यावर कितीतरी बेडूक गाड्यांखाली येतात. शेताच्या बाजूच्या रस्त्याला गाडी हळू घाला रे पुतांनो.

मांडवीतीर

+१ आजी. चोर्ला घाटात पावसाळी रात्री हेच बघवत नाही.

अवांतर पण मुलांच्या संदर्भातच: दोन बेडूक एकावर एक बसलेले दिसले की मूल हमखास विचारतं ‘तो त्याच्या पाठीवर का बसलाय?’ आमच्याकडे मोठी माणसं घाईने विषय बदलतात. तुम्ही काय सांगता?

परिचारिका_काणकोण

खरं तेच सांगायचं. खालची आई, वरचा बाबा. आई पाण्यात अंडी सोडते, त्याच वेळी बाबा त्यांच्यावर बीज सोडतो, आणि दोन्ही मिळून पिल्लं होतात. हे सगळं पाण्यात, बाहेर घडतं, म्हणून दोघांनी एका वेळी एका जागी असावं लागतं. माझ्या मुलीला एवढं पुरलं. तिचा पुढचा प्रश्न होता, आई इतका वेळ त्याला उचलून दमत नाही का?

आता नर्स म्हणून तीन सूचना. एक, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरवू नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो आणि पायाला जखम असेल तर धोका जास्त. गमबूट घाला. दोन, विहीर, तळी, व्हाळ (ओढे) यांच्या काठी मोठं माणूस हवंच. तीन, मुलांच्या हातांना डासांचं मलम लावलेलं असेल तर त्या हाताने बेडकाला शिवू देऊ नका, त्याच्या कातडीतून ते आत जातं.

आंबोलीचा_धबधबा

सीमेपलीकडून रामराम. धागा वाचतोय. एक गोष्ट राहून जातेय असं वाटलं.

तक्त्यावरची पाच चित्रं सगळ्या बेडकांना लागू नाहीत! आपल्या सह्याद्रीत झुडपी बेडूक आहेत, अंगठ्याच्या पेराएवढे. त्यांच्यात पाण्यातला बेडूकमासा हा टप्पाच नाही. ओल्या पाल्यात किंवा पानांवर अंडी, आणि अंड्याच्या आतच सगळं उरकून थेट इवलासा बेडूक बाहेर. दुसरा, मलबारी उडता बेडूक, हिरवागार, बोटांमधले पडदे केशरी-लाल. तो झाडावरून सुमारे दहा मीटर तरंगत जातो. पाण्यावर वाकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो. आत अंडी फुटली की पिल्लं खालच्या पाण्यात टपाटप पडतात. तिसरे रात-बेडूक, ओढ्याकाठचे. त्यांच्या काही जातींत बाबा अंड्यांजवळ राखणीला थांबतो. आणि आमच्या आंबोलीच्या सड्यावर आंबोली टोड, आंबोलीच्याच आसपास सापडणारा, २००९ मध्ये नोंदलेला. पावसाने कातळावर साठलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतो.

मुलांना एकच गोष्ट पाठ करायला लावली तर बाकीच्या गोष्टी त्यांच्या दृष्टीने चुकीच्या ठरतात. ते होऊ देऊ नका.

सत्तरीचो_भुरगो

वा! मग आमच्या गावाचंही मोठेपण सांगतो. २००७ मध्ये केरीहून देवगांडुळाची एक जात जगासमोर आली, गोव्याच्या नावावरूनच तिचं नाव पडलं. दिसायला गांडूळ, पण कणा असलेला प्राणी, बेडकाचा नातेवाईक, मातीत राहणारा. आणि २०१८ मध्ये एका बेडकालाही गोव्याचंच नाव मिळालं, मिनर्वार्या गोएम्ची. आपल्या मुलांना सिंह, हत्ती, जिराफ ठाऊक असतात, पण स्वतःच्या राज्याचं नाव लावणारा बेडूक ठाऊक नसतो. वर्गात आधी हा सांगा, ताई.

दक्षिणायन

हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. मुलांना आत्ताच उठवून सांगावंसं वाटतंय.

मृगाचा_पाऊस

आंबोलीकरांचा मुद्दा सोन्याचा आहे. परीक्षेत ‘बेडकाचे जीवनचक्र लिहा’ असा प्रश्न असतो, पण कोणत्या बेडकाचं, हे कोणी विचारत नाही. पदवीच्या मुलांनाही झुडपी बेडकाचं सांगितलं की आश्चर्य वाटतं.

फक्त पहिलीच्या वर्गात एकाच दिवशी सगळे बेडूक आणू नका. आधी डबक्यातला, रोज दिसणारा. तो पक्का ओळखीचा झाला की मग ‘दुसऱ्या एका बेडकाचं काय झालं माहितेय?’ म्हणून पुढचा. ओळख झाल्यावरच वेगळेपणाची गंमत येते.

अबोली_डिचोली

सगळ्यांचे मनापासून आभार. मी पुन्हा माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. तुमचे प्रतिसाद वाचून धड्याचा क्रम बदलला.

अंड्यापासून सुरुवात करणार होते, आता मोठ्या बेडकापासून करतेय, कारण मुलांना तोच आधी दिसतो. गळा बघणे, बोटं मोजणे, कानाची चकती शोधणे. मग आवाज. मग पिवळा रंग: तो वेगळा बेडूक नाही, आपलाच मोठा बेडूक आहे, लग्नसराईच्या दिवसांत नर पिवळा होतो आणि नंतर पुन्हा मातकट-हिरवट. अंडी दिसतील तेव्हाच अंड्यांचं बोलायचं. तक्ता शेवटी, तोही मुलांनी स्वतः काढलेला, डबक्यात जे दिसलं त्याचाच. जे दिसलं नाही ती चौकट रिकामी ठेवायची.

काल पहिला धडा झाला. दुसरीतल्या एका मुलीने घरून निरोप आणला: ‘आमच्या बाबानं सांगलां, आमच्या शेतात औषध मारप ना, बाईंनी भुरग्यांक घेवन येवचें.’ म्हणजे, आमच्या शेतात औषध मारत नाही, बाईंनी मुलांना घेऊन यावं. पुढच्या आठवड्यात तिकडे जातोय, गमबूट घालून.

कुळागर

त्या बाबाला माझा नमस्कार सांगा. भाताची रोपं लावायच्या आधी जा, नंतर मुलांना मेरेवरून चालवणं अवघड जाईल.

मांडवीतीर

एक तातडीचा प्रश्न, धाग्यात बसतो म्हणून इथेच. आमच्या न्हाणीघरात दरवर्षी एक तपकिरी, सडपातळ बेडूक येतो, भिंतीला चिकटून बसतो. या वर्षी मागच्या पिंपाच्या आतल्या बाजूला पाण्याच्या वर पांढऱ्या फेसाचा गोळा दिसतोय. सासूबाई म्हणतात धुऊन टाक. मुलगी म्हणते राहू दे. काय करू?

रानवाट

राहू दे! तो तुमचा भिंतीवरचाच, साधा झाडबेडूक. बोटांच्या टोकांना चकत्या असतात, म्हणून फरशीवरही चढतो. जोडीने मागच्या पायांनी घुसळून तो फेस केलेला आहे. बाहेरून सुकतो, आतून ओला राहतो, आत अंडी आहेत. चार-पाच दिवसांत पिल्लं खाली पाण्यात पडतील.

त्या पिंपातलं पाणी पावसाळाभर वापरू नका, वर नळ सोडू नका, साबण जाऊ देऊ नका. आणि आत एक फांदी तिरकी ठेवा, टोक पाण्याबाहेर येईल अशी. पाय फुटून शेपूट आखूड झाली की ती पिल्लं हवेत श्वास घ्यायला लागतात. चढायला जागा मिळाली नाही तर पिंपातच बुडतात. फांदी ठेवायचं काम मुलीला द्या.